मामा बोलत नाहीत, पण गातात



"डॉक्टरसाहेब, आमचे मामा बोलत नाहीत, पण गातात. हे सोंग तर नसेल ना?"

काही वर्षांपूर्वी सोनपेठच्या माझ्या दवाखान्यात एका सुनेने हा प्रश्न विचारला होता. आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात. मामांचे वय बहात्तर. पक्षाघाताने शरीराची उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. रुग्णालयात नऊ दिवस काढून त्यांना घरी आणले होते. पाणी मागायचे झाले तरी तोंडातून "ता, ता" याखेरीज काही उमटत नसे. अशा स्थितीत एका सायंकाळी गावातील भजनी मंडळ त्यांना भेटायला आले. कोणीतरी टाळ धरला, कोणी भारुडाची चाल लावली आणि मामा गाऊ लागले. पडवीतल्या माणसांच्या अंगावर काटा उभा राहिला. गाणे संपले आणि मामा पुन्हा "ता, ता" वर आले.

त्या दिवशी बाहेर पंधरा रुग्ण खोळंबले होते. मी मामांचा रक्तदाब पाहिला, गोळ्या लिहून दिल्या आणि मंडळ रोज येते हे कळल्यावर म्हणालो, "रुग्णाला विश्रांती हवी. हा गोंगाट बंद करा." सुनेच्या मूळ प्रश्नाचे उत्तर मी दिलेच नाही. ते मला ठाऊक होते, दोन मिनिटांत देता आले असते. पण दिले नाही.

उत्तर न मिळालेला प्रश्न घरात तसाच राहत नाही, त्याचे उत्तर कोणीतरी देतोच. येथे ते शेजारच्या गावातील एका देवऋष्याने दिले. ज्याची वाचा गेली तो गातो, याचा अर्थ त्याच्या मुखाने देव गातो. देवाला औषधाचा विटाळ चालत नाही, म्हणून अकरा दिवस गोळ्या बंद. नवव्या दिवशी मामांना पुन्हा माझ्याकडे आणले, तेव्हा रक्तदाब २१०/१२० होता आणि डाव्या हाताची पकड ढिली झाली होती. दुसरा झटका आला होता.

त्या देवऋष्याला दोष देणे सोपे होते आणि मी तो मनसोक्त दिलाही. रात्री मात्र झोप लागेना. गाणे माझ्या बाजूला असू शकले असते, मीच त्याला दाराबाहेर काढले होते. देव आणि डॉक्टर यांतून एकाची निवड करण्याची वेळ मी त्या घरावर आणली आणि घराने आपल्या जुन्या ओळखीच्या बाजूने कौल दिला.

सुनेला जे तेव्हा सांगायला हवे होते, ते आधी सांगतो. बहुतेक माणसांत बोलण्याचे मुख्य केंद्र मेंदूच्या डाव्या भागात असते. तेथील रक्तपुरवठा बंद पडला की उजवी बाजू आणि वाचा बहुधा एकत्र जातात. गाण्याचे काम मात्र मेंदूच्या दोन्ही बाजूंत विखुरलेले असते. स्वर, लय आणि वर्षानुवर्षे घोकलेले शब्द यांची साठवण निराळी. म्हणून डावा भाग दुखावला तरी पाठ असलेले भजन पुष्कळदा शाबूत राहते. यात ना सोंग आहे, ना अंगात येणे. अमेरिकेतील बोस्टन येथील वैद्यकांनी १९७३ साली याच गोष्टीचा आधार घेऊन गाण्याच्या वाटेने बोलणे शिकवण्याची पद्धत मांडली. त्यात रोजच्या गरजेचे छोटे वाक्य दोन सुरांत, सावकाश, गुणगुणत म्हणायचे आणि त्याच वेळी रुग्णाच्या डाव्या हाताने मांडीवर ताल धरायचा. "पा-णी-दे". पुढे सूर हळूहळू कमी करत साध्या बोलण्याकडे यायचे. सर्वांना सारखा गुण येत नाही, महिनोन्‌महिने लागतात आणि वाचा-उपचारतज्ज्ञ मिळाला तर फार बरे. तो मिळेपर्यंत घरच्यांनी हात जोडून बसण्याचे मात्र कारण नाही.

मामा कोणते भारूड गात होते, हे मी दुसऱ्या झटक्यानंतर विचारले. नाथांचे 'विंचू चावला'. उमेदीच्या काळात गावच्या सप्ताहात विंचू चावलेल्या माणसाचे सोंग तेच घेत असत. तळमळत अंगणभर नाचायचे, लोक हसून बेजार व्हायचे.

या भारुडाकडे डॉक्टर म्हणून मी आयुष्यात प्रथमच नीट पाहिले. एकनाथ महाराज (१५३३–१५९९) पैठणचे. पैठणहून निघालेली गोदावरी आमच्या तालुक्याच्या कडेने पुढे जनाबाईंच्या गंगाखेडला जाते, तेव्हा नाथ तसे आमच्या नदीचेच. त्यांच्या काळी विंचू चावला की मांत्रिक बोलवायचा, त्याने मंत्र पुटपुटायचे, अंगारा लावायचा, विष 'उतरवायचे', ही रीतच होती. नाथांनी तीच रीत उचलली. मांत्रिकाची भाषा, रुग्णाची तळमळ, लोकगीताची चाल, सारे तसेच ठेवले. विंचू तेवढा बदलला. त्यांचा विंचू काम-क्रोधाचा आहे आणि त्यावरचा उतारा सत्त्वगुणाचा. लोकांच्या हातातील उपचारविधी हिसकावून न घेता त्याच्या पोटात दुसरे औषध घालण्याचे हे कौशल्य आहे. पोटऱ्या दुखेपर्यंत नाचून झाल्यावर प्रेक्षकाच्या ध्यानात येते की बोलणे आपल्या रागाविषयी चालले आहे. गोंधळी, जोशी, वासुदेव अशी कितीतरी सोंगे नाथांनी भारुडात आणली.

विसाव्या शतकात हे भारूड घरोघर पोहोचले ते शाहीर साबळे यांच्या आवाजात. कृष्णराव साबळे (१९२३–२०१५), वाईजवळच्या पसरणीचे. 'महाराष्ट्राची लोकधारा' या कार्यक्रमातून त्यांनी गोंधळ, वासुदेव, भारूड ही देवघराच्या उंबऱ्यावरची गाणी रंगमंचावर आणली. आपल्यापैकी अनेकांनी ती ऐकली असतील. साबळ्यांच्या गाण्यात मला विशेष वाटतो तो त्यांचा ठसका. ते विंचवाची कळ खरीखुरी वाटावी अशी गातात आणि तरीही ऐकणाऱ्याला भीती न वाटता हसू येते. वेदनेवर हसता येणे हा एक मोठा आराम आहे. आम्ही डॉक्टर तो कोणत्याच चिठ्ठीवर लिहून देऊ शकत नाही.

आता खऱ्या विंचवाकडे वळतो, कारण पावसाळ्यात तो आमच्या भागातील माळवदाच्या भिंतींतून, पऱ्हाट्यांच्या आणि गोवऱ्यांच्या ढिगांतून हमखास बाहेर पडतो. मंत्राने विंचू उतरतो असे लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते खोटे बोलत नाहीत. पुष्कळ विंचवांचे विष जागेवर भयंकर आग करते, पण काही तासांत ती आग आपोआप ओसरते. त्या वेळी मांत्रिक समोर बसलेला असतो, म्हणून श्रेय त्याला जाते. लाल विंचवाचे तसे नाही. त्याचे विष हृदयावर जाते. दंशाच्या जागी फार दुखत नाही म्हणून घरचे निर्धास्त होतात. तेवढ्यात दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे, मग धाप आणि फुप्फुसांत पाणी. लहान मुलांना धोका सर्वाधिक.

या विंचवावरचा उतारा शोधण्यात मोठा वाटा आहे तो आमच्याच मराठवाड्यातील एका माणसाचा. जालना जिल्ह्यातील देहेड गावचे डॉ. हिम्मतराव बावस्कर. रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करताना त्यांनी विंचूदंशाच्या रुग्णांजवळ रात्र-रात्र बसून लक्षणे टिपली आणि प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी या विषाची साखळी तोडते हे दाखवून दिले. गंभीर रुग्णांपैकी पूर्वी शंभरांत चाळीसपर्यंत दगावत. वेळेत गोळी मिळू लागल्यावर ते प्रमाण एकाच्या आसपास आले. त्यांचे निरीक्षण 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून प्राझोसिनला विंचूविषाच्या प्रतिलसीची जोड दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हेही दिसले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. (ही गोळी घरात आणून ठेवू नका. पहिल्या मात्रेनंतर उभे राहताच भोवळ येऊन पडण्याचा संभव असतो. वृद्धांमध्ये तर विशेष.)

तेव्हा घरी काय करावे? चावलेल्या माणसाला आडवे करा, दंशाच्या जागी कापडात गुंडाळलेला बर्फ धरा आणि निघा. जागा कापू नका, आवळून बांधू नका, चुना-तंबाखू लावू नका. वाहन नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवा. वाटेत आजीला नामस्मरण करायचे असेल तर जरूर करू द्या, रुग्णाच्या छातीतली धडधड त्याने थोडी कमीच होईल. गाडी मात्र मंत्र संपेपर्यंत थांबवू नका.

हा फरक आपल्या कायद्यानेही ओळखला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात कुत्रा, साप किंवा विंचू चावल्यास वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. तोच कायदा भजन, कीर्तन, प्रवचन यांना हात लावत नाही. गाण्याला मोकळीक आहे, उपचाराची वाट अडवायला नाही. मी मात्र मामांच्या घरी उलट केले होते. अडवणारा येण्याआधीच गाणे बंद करून टाकले.

गाणे बंद करण्याचा मोह मोठमोठ्या सत्तांनाही झाला आहे. दूर कॅरिबियन समुद्रात त्रिनिदाद नावाचे बेट आहे, जेथे आपल्या देशातून नेलेल्या मजुरांचे वंशजही राहतात. तेथे आफ्रिकी वंशाच्या लोकांचा एक ख्रिस्ती पंथ घंटा वाजवून, टाळ्या पिटून, मोठ्याने गाऊन प्रार्थना करतो आणि आजाऱ्यांसाठी देवाला साकडे घालतो. गोंगाट होतो म्हणून इंग्रज सरकारने १९१७ मध्ये कायदा करून त्या उपासनेवर बंदी घातली. ती उठायला १९५१ उजाडले. चौतीस वर्षे लोक रानात जाऊन गात राहिले. आज ३० मार्च हा त्या मुक्तीचा दिवस तेथे सार्वजनिक सुटी म्हणून पाळतात. हे वाचले तेव्हा 'गोंगाट' हा माझाच शब्द मला पुन्हा ऐकू आला.

गाण्याने शरीरात काय होते, याचाही थोडा हिशेब सांगतो. २००१ साली इटलीतील संशोधकांनी २३ निरोगी माणसांना लॅटिनमधील जपमाळेची प्रार्थना आणि 'ॐ मणि पद्मे हुम्' हा मंत्र म्हणायला लावून त्यांचा श्वास आणि हृदयाचे ठोके मोजले. दोन्ही वेळा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि रक्तदाब सांभाळणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर झाली. मंत्र कोणत्या धर्माचा, याने फरक पडला नाही, फरक पडला तो लांब श्वासाने. संथ लयीचा हरिपाठ म्हणताना आपल्या आजीचाही श्वास असाच लांबत असावा, असे मला वाटते. मात्र हा परिणाम गोळीची जागा घेण्याएवढा नाही. रक्तदाबाची गोळी हरिपाठामुळे सुटली, असा एकही रुग्ण मी पाहिलेला नाही. गोळी नियमित घेऊ लागला असे मात्र बरेच पाहिले, त्याविषयी पुढे सांगतो.

स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरी गाण्याचा उपयोग आणखी जवळचा. जर्मनीतील लाइपझिग येथील संशोधकांनी २०१५ साली दाखवले की फार जुन्या, ओळखीच्या गाण्यांची आठवण मेंदूच्या ज्या भागांशी जोडलेली आहे, ते भाग अल्झायमरच्या आजारात तुलनेने उशिरा झिजतात. म्हणून नातवाचे नाव विसरलेली आजी जात्यावरची ओवी सुरुवातीपासून शेवटापर्यंत म्हणते. या आजारात गाण्याने स्मरणशक्ती परत येत नाही, ही आशा धरू नका. उदासी मात्र कमी होऊ शकते. अंघोळीला हात लावू न देणारी आजी आपली ओवी सुरू झाली की अंगावर पाणी घेऊ देते, हे मी स्वतः ऐकले-पाहिले आहे. गाणे निवडताना तुमच्या आवडीचे निवडू नका. त्या व्यक्तीच्या वयाच्या पंधराव्या ते पंचविसाव्या वर्षांत तिच्या कानावर काय पडत होते, ते शोधा. कुणाची ओवी असेल, कुणाची कव्वाली, कुणाची भीमगीते. भ्रमणध्वनीवर दिवसभर भजने लावून ठेवणे म्हणजे गाणे नव्हे. सतत वाजणाऱ्या यंत्राने रुग्ण उलट चिडतो. दहा मिनिटे, शेजारी बसून, त्याच्याबरोबर गा.

आणि गोंधळ-जागरण? परभणी ही गोंधळमहर्षी राजारामबापू कदमांची भूमी, तेव्हा आमच्याकडे लग्नानंतर संबळ वाजल्याखेरीज घर शांत होत नाही. घरात वृद्ध असतील तर त्यांना मागच्या खोलीत कोंडू नका. मानाने पुढे बसवा, पण संबळाच्या अगदी तोंडाशी नको, श्रवणयंत्र असेल तर त्याचा आवाज कमी करा. मधुमेही माणसाने रात्रभर उपाशी जागू नये. इन्सुलिन घेतले आणि प्रसादाची वाट पाहत बसले, तर पहाटे साखर उतरून घात होतो. धाप लागणाऱ्यांपासून ऊद-धूप आणि दिवटीचा धूर लांब ठेवा. पक्षाघाताच्या रुग्णाच्या तोंडात अंगारा किंवा खोबरे घालू नका, गिळण्यातला दोष बाहेरून दिसत नाही आणि कण श्वासनलिकेत जातो. अंगारा कपाळाला लावा.

आता मामांकडे येतो. दुसऱ्या झटक्यानंतर मी त्यांच्या घरी गेलो. बोलायला शब्द सापडेनात. शेवटी सुनेला म्हणालो, "ताई, मंडळाला पुन्हा बोलवा. चूक माझी झाली." ती काही बोलली नाही. तिने चहा ठेवला.

मग आम्ही दोघांनी मिळून एक वेळापत्रक ठरवले. सायंकाळी सातला मंडळ येई, दोन पदे होत, मामा गात. गाणे थांबल्यावर पाच मिनिटे थांबून, त्यांना नीट ताठ बसवून, गोळी द्यायची. गाताना किंवा आडवे असताना नाही. मंडळातील एक निवृत्त शिक्षक दर एकादशीला रक्तदाब मोजून वहीत लिहीत. त्या गोळ्या पुढे एकदाही चुकल्या नाहीत. मंडळी दाराशी आली की गोळीची आठवण कुणाला करून द्यावी लागत नसे. वहीतले आकडे १४०/८५ च्या आसपास स्थिरावले. डावा हात बराचसा परतला, उजवा नाही. "पाणी दे" हे सुरात म्हणायला चार महिने लागले. "सूनबाई" हा शब्द मात्र त्यांना अखेरपर्यंत साधा बोलता आला नाही. तो ते विंचवाच्या चालीवर, शेवटचे अक्षर लांबवून म्हणत आणि स्वयंपाकघरातून "आले, मामा" असे उत्तर येई.